एलादिओचा सात वाजताचा खोकला

एलादिओ पुपोने किल्ली फिरवली आणि काहीही झालं नाही. हँडलवरचा छोटा दिवा लागला नाही. हॉर्न दाबला, तर तोही गप्प. किकवर पाय देऊन त्याने चार-पाच वेळा जोर लावला, पण चेक बनावटीची ती चाळीस वर्षांची मोटरसायकल जागची हलायला तयार नव्हती. बाजूला जोडलेल्या साइडकारमध्ये नेरेइदा बसली होती. अंगात पांढरा पोशाख, मांडीवर फुलांचा गुच्छ, वाऱ्याने केस विस्कटू नयेत म्हणून डोक्याला रुमाल. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा एलादिओकडे पाहिलं.

अशा पाहण्याला कारण होतं. हे लग्न तिसऱ्यांदा ठरलेलं होतं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा वादळ येणार होतं. वादळ आलं नाही, पण एलादिओने छपराला दोर बांधण्यात अख्खा दिवस घालवला. दुसऱ्यांदा त्याची दाढ दुखली. एलादिओ त्रेसष्ट वर्षांचा विधुर, नेरेइदा अठ्ठावन्न वर्षांची, गावच्या दवाखान्यातली नर्स. दोघांचं जमून आठ वर्षं झाली होती आणि सगळ्या बोका सेका गावाला ते ठाऊक होतं. दाढ काढून झाल्यावर नेरेइदाने शांतपणे सांगितलं होतं, "आता एकदाच. यावेळीही राहिलं, तर मी वाट बघायची नाही आणि तू माझ्याकडे कॉफीला यायचं नाही." एलादिओचा तिच्यावर जीव होता, त्यात खोट नव्हती. फक्त घरात दुसरं माणूस येणार म्हटलं की त्याला काही ना काही निमित्त सापडायचं. ते का, हे त्याला स्वतःलाही धड सांगता येत नसे.

वेळ अकराची होती, अठरा किलोमीटरवरच्या हिबारात, नोटरीबाईंच्या कचेरीत. साक्षीदार म्हणून नेरेइदाची बहीण आणि मेहुणा तिथे केव्हाचे जाऊन बसले होते. बरोबर बारा वाजता हिबारातली वीज जायची होती, ती थेट रात्री येणार. वीज गेली की नोटरीबाईंचा कॉम्प्युटर, छपाईचं यंत्र आणि स्वतः नोटरीबाई, तिन्ही बंद. उद्यापासून बाई लांबच्या रजेवर. गावातून माणसं नेणारा सकाळचा ट्रक सहालाच गेला होता आणि दुसरा चारला होता. थोडक्यात, सगळी भिस्त या मोटरसायकलवर होती आणि आता पावणेदहा झाले होते.

"पेट्रोल आहे का?" शेजारच्या मिरेयाने दारातून विचारलं.

"पेट्रोल आहे. करंट नाही."

"करंट तर आमच्याकडेही नाही," मिरेया म्हणाली. "त्यात नवीन काय?"

मिरेयाला गाडीची काळजी वाटायला तिचं स्वतःचं कारण होतं. पहाटे उठून तिने ती साबणाने धुतली होती, चाकापासून सीटपर्यंत पुसून लख्ख केली होती आणि हँडलला पांढऱ्या फिती बांधल्या होत्या. एलादिओचा पांढरा ग्वायाबेरा शर्टही तिनेच खळ घालून इस्त्री केला होता. पँट मात्र त्याच्या पहिल्या लग्नातली होती. मधल्या वर्षांत माणूस वाढला होता आणि पँट तेवढीच राहिली होती, त्यामुळे वाकायचं म्हणजे आधी विचार करावा लागे.

एवढ्यात ओस्मेल आला. ओस्मेल तीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन होता. कारखाना बंद पडला, पण ओस्मेलच्या खिशातला टेस्टिंगचा दिवा काही सुटला नाही. एक छोटा बल्ब आणि दोन वायरी, एवढंच ते हत्यार. इतर लोक कंगवा बाळगतात तसा तो ते बाळगायचा. त्याच्या मागोमाग विल्फ्रेदो न्हावी आला. विल्फ्रेदोच्या मागे त्याचं गिऱ्हाईक आलं, अर्धी दाढी झालेलं, उरलेल्या गालावर फेस. हा गृहस्थ परगावचा होता, मासळी घ्यायला आला होता, पण दाढी अर्धवट टाकून न्हावी निघाल्यावर त्याने तरी दुसरं काय करावं. बघता बघता गाडीभोवती चौदा माणसं जमली.

"काहीच लागत नाही का?" ओस्मेलने विचारलं.

"काहीच नाही."

"मग सोपं आहे. एखादा दिवा लागत नसेल तर शोधाशोध करावी लागते. सगळंच बंद म्हणजे बिघाड मुळापाशी." ओस्मेलने बॅटरीचं झाकण काढून दिव्याच्या दोन वायरी टेकवल्या. बल्ब पेटला. "बॅटरी जिवंत आहे. आता फ्यूज बघू."

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला होता. तो शाबूत होता. मग ओस्मेलने अर्थिंगची वायर जिथे फ्रेमला लागते तिथला गंज खरवडला, तरी गाडी मुकीच. पुढच्या वायरी तपासायला त्याने बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं आणि क्षणभर नुसता बघत राहिला. आतल्या सगळ्या वायरी हिरव्या होत्या. कुठल्याशा साली एलादिओला टेलिफोनची हिरवी वायर एकदम भरपूर मिळाली होती आणि तेव्हापासून त्याने दुसरा रंग वापरलाच नव्हता.

"हे तर कुरण आहे," ओस्मेल म्हणाला. "गाय सोडली तर चरून येईल. एलादिओ, जरा फडकं दे. हात बरबटलेत."

एलादिओचा हात सवयीने मागच्या खिशाकडे गेला. फडकं तिथे नव्हतं. लग्नाच्या पँटीत फडकं कोण ठेवतो? आणि त्याच क्षणी एलादिओला गाडी का बंद आहे ते कळलं.

गाडीला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. सीटखाली, मागच्या बाजूला, बोटांनी चाचपल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी एक बटण होतं. ते बंद केलं की बॅटरीतला करंट तिथेच अडायचा आणि गाडी मेल्यासारखी व्हायची. चोराने किल्ली काय, अख्खं कारस्थान आणलं तरी ती चालू होणार नाही. टंचाईच्या त्या वाईट वर्षांत, त्र्याण्णव साली, एलादिओची पहिली मोटरसायकल भर दुपारी दारातून चोरीला गेली होती. आठवडाभर शोधल्यावर ओढ्यात फक्त तिची सीट सापडली. पुढे ही गाडी मिळाली तेव्हा त्याने तीच सीट तिच्यावर बसवली आणि सीटखाली एका जुन्या रशियन वॉशिंग मशीनचं बटण लावलं. चोर कधी सापडला नव्हता, म्हणजे एलादिओच्या हिशेबाने तो अजून गावातच होता. म्हणून त्या बटणाविषयी त्याने कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. पहिली बायको बिचारी ते न कळताच गेली. नेरेइदालाही त्याने सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी सात वाजता तो फडकं काढायचा, सीट पुसायचा, पुसता पुसता बोटं खाली घालायचा आणि बटण दाबायचा. बटण वॉशिंग मशीनचं असल्याने टक् असा मोठा आवाज करायचं. तो ऐकू जाऊ नये म्हणून एलादिओ नेमका त्याच वेळी खोकायचा. पुसणं, टक् आणि खोकला. गाडी उभी करून लांब जाताना हेच पुन्हा, फक्त बटण बंद करायला. इतक्या वर्षांत यात कधी खंड पडला नव्हता. आज मिरेयाने सीट आधीच पुसून ठेवली होती, त्यामुळे पुसणं राहिलं आणि पुसण्याबरोबर बाकीचंही राहिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण आता ती चौदा माणसांसमोर उघडायची कशी?

ओस्मेलने हात आपल्याच शर्टाला पुसले आणि बॅटरीतून निघालेली वायर बोटाने धरून मागे मागे निघाला. "ही इथून निघते... इथे वळते... सीटखाली जाते..." एलादिओच्या कपाळावर घाम आला. ओस्मेलचं बोट बटणापासून दोन इंचांवर पोचलं आणि थांबलं. ओस्मेल खाकरला.

"इथून पुढे मला दिसत नाही," तो म्हणाला. "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्याच्या गळ्यात दोरीला लटकत होता. असल्या माणसाच्या भरवशावर चालणारा कारखाना बंद पडेल नाहीतर काय होईल, असं एलादिओच्या मनात आलं, पण त्याचा जीव भांड्यात पडला.

"मंडळी," ओस्मेल मोठ्याने म्हणाला, "सगळे इकडे या. साइडकारच्या चाकाचा हा आरा बघा. मला मोडल्यासारखा वाटतोय."

चौदाच्या चौदा माणसं पलीकडे जाऊन चाकापाशी ओणवी झाली. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. एलादिओने शर्टाच्या खिशातला पांढरा रुमाल काढला, पँटीचा अंदाज घेत सावकाश वाकला आणि हात सीटकडे नेला.

"तो रुमाल?" मागून मिरेयाचा आवाज आला. ती कॉफी घेऊन आली होती. "मी दोनदा इस्त्री फिरवलीय त्याच्यावर. ग्रीस पुसायला काढलास?" तिने रुमाल ओढून घेतला, घडी घातली आणि परत त्याच्या खिशात खोचला. मग सीटकडे बघून तिने एकदम जीभ चावली, कॉफी तशीच कठड्यावर ठेवली आणि घरात गेली. तोवर चाकाचा आरा ठणठणीत असल्याचं सिद्ध होऊन मंडळी परतली होती.

सव्वादहा झाले. जायला मात्र कोणी तयार नव्हतं. ओस्मेलने सुस्कारा सोडला. "मग खोलावी लागेल," तो म्हणाला, आणि एलादिओने हो-नाही म्हणायच्या आत पुढचा मोठा दिवा काढून विल्फ्रेदोच्या हातात दिला. मागोमाग हॉर्न निघाला. मग पेट्रोलची टाकी निघाली आणि मिरेयाच्या ओट्यावर जाऊन बसली. नवरीमुलगी साइडकारमध्ये आणि गाडी चहूकडे, असा देखावा झाला.

"ते बघा," हातातला दिवा सांभाळत विल्फ्रेदो अचानक म्हणाला, "समुद्रावर जहाज."

सगळे समुद्राकडे वळले. समुद्रावर जहाज नव्हतं. होडीसुद्धा नव्हती. तरी सगळे जण गाडीकडे पाठ करून, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. एलादिओचा हात पुन्हा सीटकडे निघाला आणि अर्ध्यावर थबकला. जहाज नसताना जहाज दाखवतो म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. त्र्याण्णव साली हा विल्फ्रेदो कुठे होता? आपली पाठ वळल्यावर एलादिओ काय करतो, हेच त्याला बघायचं असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे ते चोरी झालेल्याच्या मनात होतं. एलादिओने हाताची घडी घातली आणि तोही समुद्राकडे बघत उभा राहिला.

"छान आहे जहाज," तो म्हणाला.

विल्फ्रेदोने वळून त्याच्याकडे पाहिलं. ओस्मेलने विल्फ्रेदोकडे पाहिलं. कोणीतरी हळूच कपाळावर हात मारला.

साडेदहा झाले आणि मग पावणेअकरा. ओस्मेलने हात झटकले. "बारा नंबरचा पाना लागेल. माझ्या घरी आहे. चला रे सगळे, घेऊन येऊ."

"चौदा माणसं एक पाना आणायला?" एलादिओने विचारलं.

"जड आहे," ओस्मेल म्हणाला.

विल्फ्रेदोने हातातला दिवा हँडलवर टेकवला आणि खरोखरच सगळे निघाले. फक्त ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हललं नाही. विल्फ्रेदोने त्याच्या बाहीला धरून ओढलं, तर ते म्हणालं, "तुम्ही या जाऊन. मी यांच्या सोबतीला थांबतो. लग्नाच्या दिवशी माणसाला असं एकटं सोडू नये." एवढं बोलून, उभं राहून पाय भरून आले म्हणून, ते गाडीच्या सीटवर ऐसपैस बसलं. पाना आणून सगळे परत आले तरी ते बसूनच होतं आणि एलादिओला मासळीचे भाव सांगत होतं.

अकराला पाच कमी असताना नेरेइदा साइडकारमधून उतरली. फुलांचा गुच्छ तिने आपल्या जागेवर ठेवला, पोशाख झटकला आणि एलादिओच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. चौदा माणसांची कुजबुज थांबली.

"एलादिओ," ती हळू आवाजात म्हणाली, "मी आठ वर्षं थांबले. पहिल्यांदा वादळाने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा दाढेने. आज गाडी म्हणतेय. तुला नको असेल तर तू तोंडाने सांग. मी घरी जाते, पोशाख काढून ठेवते, दवाखाना उघडते. मला राग येणार नाही. पण एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे."

तिचे डोळे भरले होते. रोग्यांसमोर कधी न भरणारे ते डोळे बघून एलादिओला आपली लाज वाटली. आपण एका वॉशिंग मशीनच्या बटणासाठी या बाईला तासभर उन्हात बसवून ठेवलं, एवढं सरळ त्याच्या लक्षात आलं. निमित्तं सापडायची ती कशासाठी, तेही त्याला थोडंसं कळलं. घरात दुसरं माणूस आलं की सीट पुसताना कोणीतरी बघणार, हीच त्याची भीती होती.

"गाडीला काही झालेलं नाही," तो तिच्या कानाशी म्हणाला. "एक बटण आहे."

"कुठे?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. "सीटखाली. मागे, डाव्या हाताला."

नेरेइदाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य वगैरे काही दिसलं नाही, पण ते एलादिओच्या ध्यानात आलं नाही. ती मंडळींकडे वळली.

"जरा समुद्राकडे बघा सगळे," ती म्हणाली.

का, कशाला, असं कोणी विचारलं नाही. चौदा माणसं कवायतीत वळावीत तशी एकदम वळली. अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला दोघांनी खांद्याला धरून सीटवरून उठवलं आणि वळवलं. एलादिओने रुमाल काढला, सीट पुसली, बोटं खाली घातली आणि खोकला.

विल्फ्रेदोने परत हातात घेतलेला मोठा दिवा भक्कन पेटला. त्याच्या वायरी अजून जोडलेल्याच होत्या. जमिनीवर पडलेल्या हॉर्नच्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे तोही बोंबलू लागला आणि ओस्मेलने वायर सोडवेपर्यंत थांबला नाही. समुद्राकडे तोंड केलेल्या माणसांपैकी एकानेही दचकून मागे पाहिलं नाही.

"काय झालं रे?" थोड्या वेळाने ओस्मेलने पाठमोरंच विचारलं.

"आलं बाबा. आपोआप आलं," एलादिओ म्हणाला.

"जुन्या गाड्यांचं असंच असतं," ओस्मेल म्हणाला आणि सगळे परत वळले.

खोलायला तास लागलेली गाडी जोडायला बारा मिनिटं पुरली. हे हात इतके चपळ असताना मघाशी का अडखळत होते, हा प्रश्न तेव्हा एलादिओला पडला नाही. दिव्याचा एक स्क्रू सापडेना, तेव्हा मिरेयाने हँडलची पांढरी फीत सोडून त्याच्याभोवती बांधली. अकरा वाजून दहा मिनिटांनी निळा धूर सोडत मोटरसायकल निघाली. एलादिओचा ऊर भरून आला होता. चौदा जणांच्या नाकावर टिच्चून आपण बटण दाबलं आणि कोणाला पत्ता लागला नाही, यातही त्याला थोडं सुख होतं.

ते सुख चार किलोमीटर टिकलं.

"बघ, आता तुला ठाऊक झालं," गाडीच्या फटफटीवर आवाज चढवून तो म्हणाला. "या जगात फक्त दोघांना. तू आणि मी. हीच माझी लग्नाची भेट."

"एलादिओ, भर पावसात सीट कोण पुसतं?" नेरेइदाने विचारलं.

"म्हणजे?"

"पाऊस पडत असतो, तू दारात उभा राहून सीट पुसतोस. आणि रोज सकाळी सात वाजता, एकदाच, खोकतोस. तीस वर्षांच्या नोकरीत असा खोकला मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या वर्षी मी तुला खोकल्याच्या औषधाची बाटली आणून दिली होती, आठवतं? मग एक दिवस मी जवळून ते टक् ऐकलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण भांडं सगळ्यांना दिसत असतं."

एलादिओने गाडीचा वेग कमी केला. "सगळ्यांना?"

"सात वाजले हे गावाला तुझ्या खोकल्यावरून कळतं. मिरेया त्यावर दूध तापवायला ठेवते."

मग एलादिओला एकेक गोष्ट आठवू लागली. गळ्यात लटकणारा चष्मा, मोडल्यासारखा वाटणारा आरा, नसलेलं जहाज, जड पाना. आमच्याकडे कोणाचं गुपित त्याच्या तोंडावर काढायची पद्धत नाही. माघारी खुशाल काढतात. ती माणसं तासभर उन्हात उभी राहून त्याच्याकडे पाठ फिरवायला धडपडत होती आणि तो त्यांच्यात चोर शोधत होता. त्याचे कान लाल झाले. आधी राग आला, मग शरम वाटली. पुढचं वळण घेईपर्यंत मात्र इतक्या वर्षांचं एक ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

"तुला माहीत होतं तर तू का नाही सांगितलंस? तासभर बसून राहिलीस."

"रोग्याने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी इलाज करत नाही," नेरेइदा म्हणाली. "बटण तुझं होतं. तूच सांगायला हवं होतंस."

हिबारात पोचले तेव्हा बाराला पंधरा कमी होते. कचेरीसमोर, एलादिओ हिबारात आला की नेहमी गाडी लावायचा तिथे, सायकली राखणारा म्हातारा स्टुलावर बसला होता. एलादिओ गाडीवरून उतरला. त्याचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि त्याने तो मुद्दाम खाली घेतला. झालं ते झालं. आता लपवायचं कोणापासून? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो बटण चालू ठेवून, छाती पुढे काढून गाडीपासून लांब गेला.

आत नोटरीबाई घाईत होत्या. त्यांनी लग्नाचा कायदा भराभर वाचला, दोघांनी हो म्हटलं, बहिणीने आणि मेहुण्याने सह्या केल्या. छपाईच्या यंत्रातून दाखला निम्मा बाहेर आला आणि वीज गेली. नोटरीबाईंनी कागद हळूच ओढून काढला, खिडकीपाशी नेला आणि उरलेला मजकूर पेनाने लिहिला. त्या दाखल्यावर नेरेइदाचं नाव सुंदर छापलेलं आहे आणि नवरा हाताने लिहिलेला आहे. शिक्का मात्र दोघांवर मिळून एकच बसला. आज आपण एकही निमित्त शोधलं नाही, हे जिना उतरताना एलादिओच्या लक्षात आलं.

बाहेर येऊन एलादिओने नेरेइदाला हात देऊन साइडकारमध्ये बसवलं, किल्ली फिरवली आणि काहीही झालं नाही.

त्याने हॉर्न दाबला, किक मारली, पुन्हा किल्ली फिरवली. दिवा नाही, आवाज नाही. लग्नाची पँट शिवणीवर कुठेतरी टरकन उसवली. "आता मात्र खरंच बिघडली," तो पडक्या आवाजात म्हणाला. "बटण मी चालूच ठेवलं होतं. शपथेवर सांगतो, चालूच होतं."

सायकली राखणारा म्हातारा स्टुलावरून उठून जवळ आला आणि त्याने टोपी काढली.

"साहेब, मुबारक असो," तो म्हणाला. "तुम्ही आज सीट न पुसताच आत गेलात. म्हटलं, लग्नाची गडबड, होतं असं माणसाचं. चोऱ्या फार वाढल्यात, म्हणून तुमच्या वतीने मी बंद करून ठेवलं." मग आवाज खाली आणून तो गंभीरपणे पुढे म्हणाला, "मी कोणाला सांगितलेलं नाही."

एलादिओ तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिला. नेरेइदा साइडकारमधून उतरली, तिने नवऱ्याच्या खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला गेली. म्हातारा, कोणी न सांगताच, पाठ फिरवून समोरच्या बंद दुकानाकडे बघत उभा राहिला.

नेरेइदाने सीट पुसली. पुढून मागे, सावकाश, नीट पुसली. मग ती खोकली.